वळणावरचा भार

फोटोची उजवी बाजू कसरीनं खाल्ली नव्हती. ती मी कापून घेतली होती. मामीनं विचारलं तेव्हा मात्र मी कसरीचं नाव सांगितलं आणि तिनं ते खरं मानलं. खोटं लहानसं होतं म्हणून सांगायचं राहून गेलं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. पण ते लहान नव्हतं, आणि हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं.

मला मामा-मामींनी वाढवलं. आमच्या गावाकडं दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, तेव्हा वडिलांनी मला शाळेसाठी म्हणून मुकुंदवाडीला मामांकडं आणून सोडलं. शाळा हे निमित्त होतं. घरातलं एक खाणारं तोंड कमी करायचं होतं, हे पुढं कळलं. मुकुंदवाडी तेव्हा औरंगाबादच्या बाहेरचं खेडंच वाटायची. छोटंसं स्टेशन, रुळापलीकडं ज्वारीची रानं, आणि त्या वर्षी रानांत काहीच नाही. मामा एका गॅरेजात मोटारसायकलचे मिस्त्री होते. मामी सोयगावकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. त्यांना मूल नव्हतं. मी गेलो आणि घरात तिसरं ताट मांडलं जाऊ लागलं.

मामांच्या जुन्या मोटारसायकलला डाव्या अंगाला साईडकार होती. साईडकार म्हटल्यावर गादीची, काचेची जी डोळ्यांसमोर येते तशी नव्हे. लोखंडी अँगलवर ठोकलेली एक फळी आणि भंगारातून आणलेलं चाक. एरवी तिच्यावरून गॅरेजचं सामान यायचं. दुष्काळात तिच्यावर पाण्याचे ड्रम आले. लांबच्या एका मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं होतं. मामा गाडी चालवायचे आणि मामी ड्रमांपाशी फळीवर बसायची. जाताना ड्रम रिकामे असत, त्यामुळं डाव्या वळणावर फळी चाकासकट उचलली जायची. येताना ड्रम भरलेले, मग पाणी हिंदकळून गाडी ओढली जायची. मामीनं कुणी न सांगता त्यावर उपाय काढला. वळण आलं की एका हातानं मामांच्या सीटमागचा दांडा धरायचा आणि सगळं अंग बाहेर झोकून द्यायचं, पार जमिनीपर्यंत. लुगड्याचा काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. चाक जमिनीला चिकटून राहायचं. हे कुठं शिकलीस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, मेंढरू खांद्यावर घेऊन नाला उतरताना माणूस कलतोच की.

मामांना शर्यतीचं वेड होतं. गॅरेजात एक जुनं विलायती मासिक पडलेलं होतं, कव्हर गेलेलं, पानं तेलकट. मोटारसायकली नव्या नव्या निघाल्या तेव्हाच्या शर्यतींचे फोटो त्यात होते. मामांना इंग्रजी येत नव्हतं. मला शाळेत नुकतं येऊ लागलं होतं, तर संध्याकाळी ओट्यावर बसून मी अडखळत वाचायचो आणि ते ऐकायचे. तिकडं लाकडी फळ्यांचे गोल ट्रॅक बांधत. गाड्यांना ब्रेकच नसत. इंजिनात एरंडेल घालत आणि ते जळलं की सगळ्या मैदानावर त्याचा वास सुटे. हे ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी मामांनी आमच्या इंजिनाला थोडं एरंडेल पाजलं. मामी आतून म्हणाली, "गाडीचं पोट साफ व्हईल आता. परसाकडं तुम्हीच न्या तिला."

त्याच मासिकात साईडकारच्या शर्यतीचा एक फोटो होता. चालवणारा पुढं वाकलेला आणि फळीवरचा माणूस बाहेर लोंबकळतोय, डोकं जमिनीला घासेल इतकं खाली. मामांनी त्यावर बोट ठेवलं. हाच खरा गाडी चालवतो म्हणाले, पुढचा नुसता हँडल धरून बसलाय. मग त्यांनी मला त्याचं नाव वाचायला सांगितलं. मी फोटोखालची ओळ वाचली. चालवणाऱ्याचं नाव होतं, गाडीचं होतं, गावाचं होतं. लोंबकळणाऱ्याचं नव्हतं.

"नीट बघ," मामा म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. नव्हतंच. मामांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "लिवायला पायजे होतं रे." आणि मासिक मिटलं. हा प्रसंग मी कधीच विसरलो नव्हतो, हे इथं सांगायला हवं. विसरलो असतो तर माझा अपराध जरा कमी झाला असता.

शहराबाहेरचं एक तळं त्या उन्हाळ्यात पार कोरडं पडलं. आधी भेगा पडल्या, मग गाळ नेणाऱ्या गाड्यांनी त्याचा फुफाटा झाला. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. तिथं रविवारी गॅरेजवाले जमू लागले. साईडकारवाले तीन-चारच होते, सगळे पोटासाठी गाडी ठेवणारे. त्यात जुन्या शहरातला एक पाववाला होता. त्याच्या साईडकारवर पावांची पेटी आणि पेटीवर त्याचा धाकटा भाऊ. रिकामे ड्रम खुणेला उभे करायचे आणि त्यांना वळसे घालायचे. बक्षीस एकच: जो हरेल त्यानं आठवडाभर जिंकणाऱ्याच्या गल्लीत पाणी पोचवायचं.

आमची गल्ली त्या उन्हाळ्यात फारशी तहानली नाही.

पाववाला हरला की चिडवायचा, "भाबी को उतारो मिस्त्री, फिर देखते किसमें कित्ता दम है."

मामी पदरानं तोंड पुसत म्हणायची, "आधी तू पाव उतरव. मंग मी उतरते."

आणि सोमवारी तोच पाववाला आमच्या दारात ड्रम उतरवताना दिसायचा. सोबत मला एक गोड पाव असे.

शर्यत झाली की कॉफी. आमच्या शेजारी रेल्वेत नोकरीला असलेलं एक दक्षिणेकडचं कुटुंब राहायचं. त्यांच्याकडून मामी कॉफीचे दाणे भाजायला शिकली. त्या घरचे अण्णा गावाहून दोन तऱ्हेचे दाणे आणत. एक चांगला, वासाचा. दुसरा जाड, कडवट, स्वस्तातला. अण्णांच्या घरी हा दुसरा दाणा पाहुण्यांना देत नसत. मामीनं मात्र तो लोखंडी कढईत जास्त काळा भाजून चांगल्यात मिसळायचा प्रघात पाडला. नुसता चांगला दाणा नाकात जातो, जिभेवर बसत नाही, असं तिचं म्हणणं. जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध मिळत नव्हतं. कोरी कॉफी, गूळ आणि किसणीवर दोनदा घासलेलं जायफळ. तळ्याच्या मधोमध अण्णांच्या थर्मासमधून ती पितळी पेल्यांत ओतली जायची. फुफाटा, जळालेलं एरंडेल आणि जायफळ. माझ्या लहानपणाचा वास हाच.

अण्णांकडं कॅमेरा होता. एका रविवारी त्यांनी समोरून फोटो काढला. गाडी डाव्या वळणावर आहे. मामांनी गॉगल लावलाय, कानाला मफलर बांधलाय. फोटोत आपल्या उजव्या हाताला, म्हणजे मामांच्या डाव्या अंगाला, मामी बाहेर झोकलेली आहे. अंबाडा सुटलाय, तोंड धुळीनं पांढरं झालंय आणि ती हसतेय. एक हात जमिनीकडं, एक मामांच्या सीटमागच्या दांड्यावर. त्या दोघांचा एकत्र असा तो एकच फोटो. लग्नात फोटो काढायची ऐपत नव्हती आणि पुढं कधी सुचलं नाही.

वर्षं गेली. रुळापलीकडच्या रानांत कॉलन्या उठल्या. मी शिकलो, वाळूजच्या एका कारखान्यात लागलो, लग्न केलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला. मामा गेले. त्यानंतर पुन्हा दुष्काळाची वर्षं आली. नळाला आठवडा-आठवडा पाणी नाही, आणि तरी दर महिन्याला नवी इमारत उभी राहतेय, तिच्या दारात टँकर. याच काळात मी नोकरी सोडली आणि कॉफी भाजून विकण्याचं छोटं दुकान काढलं, आत चार टेबलं. दुष्काळात दुकान काढतोय म्हणून लोक हसले. मामी हसली नाही. दाणे भाजायला पाणी लागत नाय, एवढंच म्हणाली.

दुकानाची म्हणून एक खास कॉफी हवी होती. मी तिचं नाव ठेवलं 'फुफाटा'. जुन्या मोटारसायकल शर्यतींची आठवण देणारी, धुराच्या अंगाची, शेवटी जायफळाचा वास ठेवणारी. मामीकडं गेलो, तो फोटो मागितला. तिनं ट्रंकेतून काढून दिला आणि कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. दोन दाण्यांचं प्रमाणही तिनंच सांगितलं, तेही मुठीनं.

मग मी दोन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे तो जाड दाणा काढून टाकला. नव्या गिऱ्हाइकांना जाणकार म्हणवून घ्यायची हौस होती. पाकिटावर 'शंभर टक्के अरेबिका', म्हणजे नुसता चांगला दाणा, असं लिहिलं की ते खूश होत. स्वस्तातला दाणा मिसळतो, असं कुणी म्हणेल याची मला भीती वाटली.

दुसरी गोष्ट गुलमंडीच्या बाजारात केली. फोटो फ्रेमवाल्याकडं नेला. दुकानातल्या भिंतीवर कसा दिसेल हे मनात बघत उभा होतो. त्या विलायती मासिकातले जुने शर्यतवाले कातडी टोप्या घालून, एकटे, रुबाबात असायचे. आणि इथं काष्टा घातलेली, केस विस्कटलेली बाई फळीवरून लोंबकळतेय. लोक हसतील असं वाटलं. त्याही पुढं जाऊन मी स्वतःला असं पटवलं, की हे मी मामीच्या मानासाठीच करतोय. चार परक्यांनी आपल्या घरच्या बाईला असं का बघावं. लाज माझी होती आणि नाव तिच्या अब्रूचं घेतलं. मी पेन्सिलनं रेघ ओढली. फ्रेमवाल्यानं पट्टी ठेवून पातं फिरवलं. मग कापलेला भाग बोटांत धरून त्यानं विचारलं, "साब, ये बाई का क्या करूँ?"

मी तो तुकडा शर्टाच्या खिशात घातला. दुकानात आल्यावर कात्रणं, रबरबँड ठेवायच्या ड्रॉवरमध्ये तळाशी सारला. पाकिटावर छापायला मजकूर दिला: दुष्काळातल्या कोरड्या तळ्यावर एकट्यानं शर्यत मारणाऱ्या माझ्या मामांच्या आठवणीत. 'एकट्यानं' हा शब्द कुणी सुचवला नव्हता. तो माझाच.

दुकान उघडलं त्या दिवशी मामी रिक्षानं आली. नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून. आल्या आल्या भिंतीपाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं न वळता म्हणाली, "कड खराब झाली होती का रे?"

"व्हय मामी. कसर लागली होती."

"ट्रंकेत व्हता ना लई दिवस," ती म्हणाली. जणू चूक तिचीच. मग म्हणाली, तुझे मामा चांगले दिसतात. मी कॉफी दिली. तिनं घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"हलकं झालंय रे. त्यो जाड दाणा घातला नाय का?"

"घातलाय की."

तिनं पेला संपवला. पेल्यातली कॉफी टाकून देणं तिला जमत नाही. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि सांभाळून राहा म्हणाली. त्यानंतर ती दुकानात आली नाही. गुडघे दुखतात, असं फोनवर सांगायची. मीही मुकुंदवाडीला जाणं कमी केलं. गेलो तरी उभ्या उभ्या. तिच्या घरात डांबरगोळ्यांचा उग्र वास यायला लागलाय हे लक्षात आलं होतं, पण का, ते मी विचारलं नाही.

'फुफाटा' बरी चालली. वाईट काम केल्याची शिक्षा लगेच मिळते असं काही नसतं. लोक फोटोखाली बसून स्वतःचे फोटो काढत. मीही त्यांना तळ्याची गोष्ट सांगायचो, आणि दर खेपेला मामा त्यात जरा जास्तच एकटे होत गेले.

मग एका दुपारी वेरूळकडं निघालेली मोटारसायकलवाल्या मुला-मुलींची टोळी दुकानात शिरली. त्यातली एक मुलगी हेल्मेट काखेत धरून फोटोसमोर उभी राहिली. कॉफी निवली तरी हलेना. मी माझी नेहमीची गोष्ट सुरू केली, तर तिनं मला मध्येच थांबवलं.

"काका, ही गाडी एकट्याची नाहीये."

ती आपल्या हातानं दाखवू लागली. एकटी मोटारसायकल ज्या बाजूला वळते त्याच बाजूला कलते. ही वळतेय एकीकडं आणि कललीय दुसरीकडं. असं झालं तर गाडी पुढच्या क्षणाला आडवी पडेल. हिच्या बाजूला काहीतरी आहे, आणि त्यावर कुणीतरी आहे. मग ती अगदी काचेजवळ गेली.

"आणि हा हात कुणाचा?"

इतके दिवस तो फोटो माझ्या डोक्यावर टांगलेला होता आणि मला दिसलं नव्हतं. मामांच्या सीटमागच्या दांड्यावर चार बोटं होती. मनगटापाशी फ्रेमवाल्याचं पातं गेलं होतं. बोटं आतच राहिली होती, घट्ट धरलेली.

"माझ्या मामीचा," मी म्हणालो.

"मग त्या कुठायत?"

तिनं साधंच विचारलं होतं. मी म्हणालो, मुकुंदवाडीत. तिला ते विचित्र वाटलं असावं. पण तिनं मान हलवली आणि निवलेली कॉफी पिऊन टाकली.

टोळी गेल्यावर मी भिंतीवरून फ्रेम उतरवली, मागचे खिळे उपसून फोटो काढला. ड्रॉवर उपसला. तुकडा होता. एका कोपऱ्याला रबरबँड वितळून चिकटला होता, पण मामीचं तोंड शाबूत होतं. तोंडभर धूळ आणि हसू. जाड दाण्याची एक पिशवी कोठीत पडून होती, नमुना म्हणून आलेली. ती घेतली, शटर ओढलं आणि निघालो.

मुकुंदवाडीत मामीची दोन खोल्यांची जागा आता तीन मजली इमारतींच्या मधे सापडलीय. दाराशी पाण्याचे ड्रम होते. तेच दुष्काळातले नव्हेत, निळे प्लास्टिकचे. मामी जमिनीवर ट्रंक उघडून बसली होती. लग्नातला शालू, मामांचा मफलर, माझा शाळेतला स्वेटर, सगळं बाहेर. प्रत्येक घडीत ती कागदात गुंडाळून डांबरगोळी ठेवत होती.

"दर पंधरवड्याला बदलते," ती म्हणाली. "फोटो गेला तसं हे जायला नको. त्यो मफलर तरी ऱ्हावा."

मी उंबऱ्यावरच बसलो. मग तिनं पिशवी बघितली, आत हात घालून दाणे चोळले, हुंगले आणि माझ्याकडं बघितलं. काही न विचारता उठली, लोखंडी कढई काढली, गॅस लावला. माझ्याकडं पाठ करून दाणे हलवू लागली. जरा वेळानं पहिला दाणा तडकला.

मी दोन्ही तुकडे फरशीवर ठेवले आणि एकमेकांना भिडवले. मधे केसाएवढी फट राहिली. मनगट बोटांना जाऊन मिळालं. गाडी सरळ झाली असं नाही, पण आता ती पडणार नाही हे दिसत होतं.

"मामी, इकडं बघ."

"जळतील रे. बोल तू, ऐकतीय मी."

तिचा हात कढईत फिरत होता. मी तिच्या पाठीकडं बघत बोललो. कदाचित ती वळली असती तर मला जमलं नसतं.

"कसर लागली नव्हती मामी. ट्रंकेत काय बी खराब झालं नव्हतं. मी कापलं तुला. लोक हसतील म्हणून लाज वाटली मला तुझी. पाकिटावर मामा एकटे होते असं लिहिलं, आणि मला म्हायती होतं की नव्हते. कॉफीतनं तुझा दाणा काढला आणि तुझ्या तोंडावर घातलाय म्हणालो. तुकडा हाय माझ्याजवळ, आणलाय. माझं चुकलं, मामी. मला माफ कर."